साहेबांची तक्रार कुठे करायची आणि त्याचं पुढे काय होतं

प्रश्न असा आला आहे की गावच्या जमिनीच्या केसमध्ये सिव्हिल जज साहेबांनी समोरच्या पार्टीला मनाई हुकूम दिला, आणि नंतर कळलं की हेच साहेब त्या पार्टीच्या घरच्या लग्नात जेवायला गेले होते, तर तक्रार कुठे करायची, आणि न्यायाधीशांवर लक्ष ठेवणाऱ्या ज्या समित्या वगैरे आहेत त्या खरंच काही करतात का.

मी 27 वर्षं वकिली करते, आधी जिल्हा कोर्टात आणि आता बरीच वर्षं हायकोर्टाच्या बेंचला. पक्षकारांच्या तक्रारी लिहून दिल्यात आणि ज्यांच्यावर तक्रारी झाल्या त्या न्यायाधीशांच्या खातेनिहाय चौकशीत त्यांच्या बाजूनेही उभी राहिले आहे. त्यामुळे दोन्हीकडून जे बघितलं ते सांगते, जरा लांब होईल.

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. मनाई हुकूम चुकीचा दिला ही एक, आणि साहेब पार्टीच्या लग्नाला गेले ही दुसरी. पहिलीसाठी अपील आहे, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 43 खाली जिल्हा कोर्टात, 30 दिवसांत, ती मुदत चाललीये हे आधी बघा, तक्रारीच्या नादात अपिलाची मुदत घालवलेले पक्षकार मी कितीतरी बघितलेत. केस त्याच साहेबांपुढे चालू नये असं वाटत असेल तर कलम 24 खाली जिल्हा न्यायाधीशांकडे ट्रान्सफरचा अर्ज करता येतो. वागणुकीची तक्रार ही फक्त दुसऱ्या गोष्टीसाठी आहे. आणि हे दोन्ही एकाच कागदावर लिहिलं, म्हणजे "हुकूम चुकीचा आहे म्हणजे पैसे खाल्ले असणार" असं लिहिलं, की ती तक्रार मेली म्हणून समजा.

हे मी उगाच कडक बोलत नाही. सुप्रीम कोर्टाने 2019 च्या कृष्ण प्रसाद वर्मा प्रकरणात आणि 2020 च्या साधना चौधरी प्रकरणात हेच सांगितलंय की न्यायाधीशाचा निकाल चुकला, अगदी ढळढळीत चुकला तरी तेवढ्यावरून त्याच्यावर खात्याची कारवाई करता येत नाही, त्यामागे काही बाहेरचं कारण होतं याला काहीतरी आधार लागतो. हे बरोबरच आहे. नाहीतर प्रत्येक हरलेला पक्षकार तक्रार करणार आणि जामीन द्यायची वेळ आली की मॅजिस्ट्रेट आधी स्वतःची नोकरी बघणार. आजही तरुण जेएमएफसी, म्हणजे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी, जामीन द्यायला कचरतात त्यात ही भीती मोठी आहे, मी त्यांच्या तोंडून ऐकलंय.

आता लक्ष ठेवतं कोण ते सांगते. तालुका आणि जिल्हा कोर्टातल्या न्यायाधीशांवर ताबा हायकोर्टाचा, घटनेच्या कलम 235 प्रमाणे. सरकारचा नाही, कलेक्टरचा नाही, विधी खात्याचाही नाही. सुप्रीम कोर्टाने 1966 मध्येच नृपेंद्रनाथ बागची प्रकरणात स्पष्ट केलं की या ताब्यात शिस्तभंगाची चौकशी पण येते. बडतर्फीच्या ऑर्डरवर नाव राज्यपालांचं असतं पण चौकशी आणि शिफारस हायकोर्टाची. कागदावरची साखळी अशी की जिल्ह्याला प्रधान जिल्हा न्यायाधीश, ज्यांना आपण सगळे पीडीजे म्हणतो, ते दरवर्षी खालच्या कोर्टांची तपासणी करतात, सीआर, म्हणजे कामाचा गोपनीय अहवाल, लिहितात. त्यांच्या वर हायकोर्टाचे एक न्यायमूर्ती त्या जिल्ह्याचे पालक न्यायमूर्ती असतात, मग हायकोर्टातली दक्षतेची, म्हणजे व्हिजिलन्सची यंत्रणा, मग प्रशासकीय समित्या आणि मुख्य न्यायमूर्ती. आणि 50, 55, 58 या वयांना प्रत्येकाचं रेकॉर्ड पुन्हा बघतात, सचोटीबद्दल शंका असेल तर मुदतीआधी निवृत्त करतात. ही तपासणी लोकांना माहीतच नसते पण आत सगळ्यात जास्त धाक हिचाच असतो.

तर ही यंत्रणा काही करते का? माझं प्रामाणिक उत्तर असं की खालच्या कोर्टांबाबत करते, आणि बऱ्यापैकी कडक करते. ऑक्टोबर 2025 मध्येच मुंबई हायकोर्टाने महाराष्ट्रातले दोन न्यायाधीश बडतर्फ केले, एक साताऱ्याच्या कोर्टातले आणि एक पालघर जिल्ह्यातले. पण बडतर्फी ही शेवटची गोष्ट झाली. खरी देखरेख त्याच्या कितीतरी आधी चालू होते. साहेब डायसवर किती वाजता बसतात, रोजनामा, म्हणजे त्या तारखेला कोर्टात काय झालं याची नोंद, स्वतः लिहितात की बेंच क्लार्कवर सोडलाय, युक्तिवाद झालेली मॅटर निकालासाठी किती दिवस पडून आहेत, एकाच वकिलाला सारखे जामीन मिळतायत का, हे सगळं तपासणीला आलेल्या अनुभवी पीडीजेला अर्ध्या दिवसात कळतं. मी वकिलीच्या सुरुवातीला ज्या जिल्ह्यात होते तिथे एक पीडीजे होते, ते तालुक्याला तपासणीला आले की आधी रेकॉर्ड मागायचे नाहीत, बाररूममध्ये, म्हणजे वकिलांच्या खोलीत बसून चहा घ्यायचे आणि ज्युनियर वकिलांशी गप्पा मारायचे. त्यांनी कुणाला मेमो दिल्याचं फारसं ऐकलं नाही. पण एका साहेबांना त्यांनी चेंबरमध्ये बोलावून एवढंच सांगितलं की अमुक बिल्डरच्या फार्महाऊसवर जाणं बंद करा, आणि ते बंद झालं. त्या साहेबांच्या सर्व्हिस बुकात याची एक ओळ नाही, आणि ते पुढे चांगले जज म्हणून निवृत्त झाले. माणूस घसरायला लागतो तेव्हाच कुणीतरी हात धरणारा हवा, नैतिकता टिकते ती अशी, निलंबनाच्या ऑर्डरने फक्त घसरलेला माणूस बाहेर जातो.

ही यंत्रणा चुकते ते पण सांगायला पाहिजे. एका तालुक्याला एक नवीन मॅडम आल्या, तारखा देणं बंद केलं, साक्षीदार आला की त्याच दिवशी साक्ष घ्यायच्या. बारमधल्या तीनचार सीनियर लोकांची अडचण झाली. दोन महिन्यांत त्यांच्याविरुद्ध सहा अर्ज गेले, भाषा उद्धट आहे, एका बाजूला झुकतात, शेवटच्या एका अर्जात तर पैशाचा आरोप. प्राथमिक चौकशी लागली आणि ती सव्वा वर्ष चालली. चौकशीत मॅडमच्या बाजूने मी उभी होते. त्यांना कशाने वाचवलं तर रोजनाम्याने. प्रत्येक तारखेला कोण हजर होतं, कोणी मुदत मागितली, का नाकारली, सगळं स्वतःच्या अक्षरात. चौकशी बंद झाली, पण बंद झाल्याचं पत्र यायला अजून पाच महिने गेले आणि त्या काळात त्यांचं प्रमोशन मागे पडलं. 1988 च्या ईश्वरचंद जैन प्रकरणात सुप्रीम कोर्टाने नेमकं हेच सांगितलं होतं, की हायकोर्टाने खालच्या न्यायाधीशांना मार्गदर्शन करायचं आणि प्रामाणिक माणसाला अशा किरकोळ तक्रारींपासून जपायचं, नाहीतर तो निर्भयपणे काम करू शकणार नाही. म्हणून 2014 पासून नियम झालाय की खालच्या न्यायाधीशाविरुद्धची तक्रार शपथपत्रासह आणि पडताळता येईल अशा पुराव्यासह असेल तरच घ्यायची. निनावी पत्रांना यामुळे आळा बसला, पण साध्या माणसाला ते अवघड पडतं हेही खरंय, शपथपत्र म्हटलं की लोक घाबरतात.

लोक मला विचारतात की मॅडम, जज लोकच जज लोकांची चौकशी करणार, पोलिसांकडे का देत नाही. त्यांना मी नडियादचं सांगते. गुजरातमधलं नडियाद, 25 सप्टेंबर 1989. तिथले चीफ ज्युडिशियल मॅजिस्ट्रेट पोलिसांच्या कामावर नाराज होते, समन्स-वॉरंट बजावत नाहीत म्हणून वर तक्रारी करत होते. पोलीस इन्स्पेक्टरने त्यांना पोलीस स्टेशनला बोलावून घेतलं, जबरदस्तीने दारू पाजली, मारहाण केली, बेड्या घातल्या, दोरीने बांधलं, आणि दारूबंदीच्या राज्यात दारू प्यायले म्हणून गुन्हा दाखल करून तसेच दवाखान्यात नेले, तिथे फोटो काढले. सुप्रीम कोर्टाने 1991 मध्ये त्या पोलिसांना कोर्टाच्या अवमानाबद्दल शिक्षा केली आणि न्यायाधीशाला अटक करायची तर आधी जिल्हा न्यायाधीश किंवा हायकोर्टाला कळवायचं, बेड्या घालायच्या नाहीत, अशा सूचना घालून दिल्या. ज्या पोलिसांचे तपास मॅजिस्ट्रेट रोज तपासतो, ज्या सरकारविरुद्ध जज निकाल देतो, त्यांच्याच हातात त्याच्या चारित्र्याची किल्ली दिली तर काय होईल ते यात दिसतं. लाच घेतली तर एसीबी, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक खातं, येतंच, येऊ दे, पण वागणुकीची रोजची देखरेख न्यायव्यवस्थेच्या आतच असायला हवी असं माझं ठाम मत आहे.

मग अडचण कुठे आहे, तर ती वर आहे. हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींना कलम 235 लागू नाही, त्यांचा पीडीजे कुणी नाही, सीआर नाही, तपासणी नाही. घटनेत एकच उपाय आहे, संसदेने ठराव करून पदावरून काढणं, कलम 124(4), आणि त्याची रीत 1968 च्या न्यायाधीश चौकशी कायद्यात. लोकसभेचे 100 किंवा राज्यसभेचे 50 खासदार सही करणार, मग तिघांची समिती, मग दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत, म्हणजे एकूण सदस्यांच्या निम्म्याहून जास्त आणि हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश. आजवर या मार्गाने एकही न्यायमूर्ती पूर्णपणे काढला गेलेला नाही. सुप्रीम कोर्टाचे न्या. व्ही. रामस्वामी यांच्या प्रकरणातली समिती आपल्या जवळची, अध्यक्ष न्या. पी. बी. सावंत आणि सोबत मुंबई हायकोर्टाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती पी. डी. देसाई आणि न्या. चिनप्पा रेड्डी. त्यांनी इतकी मेहनत घेऊन 14 पैकी 11 आरोप सिद्ध धरले, आणि मे 1993 मध्ये लोकसभेत 196 मतं ठरावाच्या बाजूने पडली, विरोधात एकही नाही, पण 205 खासदार तटस्थ बसले आणि ठराव पडला. कलकत्ता हायकोर्टाचे न्या. सौमित्र सेन यांच्याबाबत ऑगस्ट 2011 मध्ये राज्यसभेने 189 विरुद्ध 17 ने ठराव मंजूर केला, पण लोकसभेत येण्याआधी त्यांनी राजीनामा दिला. राजीनामा दिला की पुढचं सगळं थांबतं.

म्हणजे वरच्या कोर्टात एकतर काहीच नाही किंवा एकदम संसद. तालुक्याच्या साहेबांना चेंबरमध्ये बोलावून सांगणारा पीडीजे तिथे नाही, आणि मला वाटतं सगळा प्रश्न या मधल्या पायरीचा आहे.

ती मधली पायरी कशी जन्माला आली ते मुंबईकरांनी तरी माहीत करून घ्यायला हवं कारण ती आपल्याकडच्याच प्रकरणातून आली. 1995 मध्ये मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांना त्यांच्या पुस्तकाच्या परदेशी हक्कांसाठी मिळालेल्या भल्यामोठ्या रॉयल्टीबद्दल शंका घेतली गेली, बॉम्बे बार असोसिएशनने राजीनाम्याची मागणी करणारा ठराव केला आणि त्यांनी राजीनामा दिला. मग सी. रविचंद्रन अय्यर यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की वकील संघटनेने असा ठराव करून न्यायमूर्तीवर दबाव आणणं चूक आहे, त्यांनी माहिती मुख्य न्यायमूर्तींकडे न्यायची, आणि खुद्द मुख्य न्यायमूर्तींबद्दलच असेल तर थेट सरन्यायाधीशांकडे. पण त्याच निकालात हेही मान्य केलं की पदावरून काढण्याइतकं गंभीर गैरवर्तन आणि पदाला न शोभणारं वागणं यांच्यामध्ये मोठी पोकळी आहे आणि ती आतल्या व्यवस्थेनेच भरायला हवी. तो बारचा ठराव कायद्याने चुकीचा ठरला तरी त्या वकिलांनी तेव्हा तोंड उघडलं नसतं तर ही व्यवस्था आणखी किती वर्षं आली नसती कोण जाणे. बारचं हे काम आहे, मी आजही ज्युनियर लोकांना सांगते.

त्यानंतर 7 मे 1997 ला सुप्रीम कोर्टाच्या सगळ्या न्यायमूर्तींनी मिळून 16 कलमांची आचारसंहिता मान्य केली. जवळचा नातेवाईक आपल्यापुढे वकील म्हणून उभा राहू नये, घरात राहणाऱ्या वकील नातेवाइकाने घर ऑफिस म्हणून वापरू नये, शेअर बाजारात सट्टा करू नये, वर्तमानपत्रांना मुलाखती देऊ नयेत, कुटुंब आणि मित्रांशिवाय कुणाची भेटवस्तू घेऊ नये, आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे पदाला शोभेल इतकं अंतर लोकांपासून राखावं. तुमच्या त्या लग्नाच्या जेवणाचं उत्तर या एका वाक्यात आहे. ही कलमं वरच्या न्यायमूर्तींसाठी लिहिली पण खालचे चांगले न्यायाधीश ती नोकरीच्या पहिल्या दिवसापासून पाळतात, गावात लग्नाचं आमंत्रण आलं की आधी बोर्ड, म्हणजे आपल्यापुढच्या केसेसची यादी, बघतात की या आडनावाची मॅटर आपल्याकडे आहे का.

आणि मग डिसेंबर 1999 मध्ये इन-हाऊस प्रोसिजर, म्हणजे वरच्या न्यायमूर्तींविरुद्धच्या तक्रारींची न्यायव्यवस्थेच्या आतच चौकशी करायची पद्धत, स्वीकारली गेली. हायकोर्टाच्या न्यायमूर्तीविरुद्ध तक्रार आली तर सरन्यायाधीश त्यात तथ्य आहे का बघतात, खुलासा मागवतात, गरज पडली तर इतर दोन हायकोर्टांचे मुख्य न्यायमूर्ती आणि एक हायकोर्ट न्यायमूर्ती अशी तिघांची समिती नेमतात. आरोप गंभीर निघाले तर राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्तीचा सल्ला, तो मानला नाही तर न्यायिक काम काढून घेणं आणि राष्ट्रपती-पंतप्रधानांना कळवणं. कमी गंभीर असेल तर समज देणं. बघा, समज देण्याची सोय आहे, म्हणजे पायरी आहे, पण ती पायरी अंधारात आहे. 2003 मध्ये सुप्रीम कोर्टाने असा अहवाल गोपनीयच राहील असं सांगितलं. तक्रार करणाऱ्याला काय झालं ते कळत नाही, बारला कळत नाही, आणि ज्या न्यायमूर्तीवर खोटा आरोप झाला त्यालाही आपण निर्दोष ठरलो हे चार लोकांत सांगता येत नाही. गुप्ततेने प्रामाणिक माणसाचं नुकसान होतं हे आपल्याकडे लक्षातच घेत नाहीत.

म्हणून मार्च 2025 मध्ये जे झालं ते मला महत्त्वाचं वाटतं. दिल्लीला, तिथल्या हायकोर्टाचे तेव्हाचे न्यायमूर्ती यशवंत वर्मा यांच्या बंगल्याच्या आवारात 14 मार्चला आग लागली, जळालेल्या नोटा सापडल्याचं पुढे आलं, आणि 22 मार्चला सुप्रीम कोर्टाने दिल्ली हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींचा अहवाल, फोटो, व्हिडिओ आणि न्या. वर्मा यांचा आरोप नाकारणारा खुलासासुद्धा, सगळं वेबसाइटवर टाकलं. त्यांची बाजू पण टाकली हे विसरू नका. इन-हाऊस समिती झाली, त्याला त्यांनी सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं, ते 7 ऑगस्टला फेटाळलं गेलं आणि लोकसभा अध्यक्षांनी 12 ऑगस्टला 1968 च्या कायद्याखालची समिती नेमली. 2025 मध्येच 1 एप्रिलला सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींनी आपली मालमत्ता जाहीर करायचं ठरवलं आणि 5 मेला ती वेबसाइटवर आली. हे सगळं करता येतं, कोर्टाची प्रतिष्ठा कमी होत नाही, हे त्यातून दिसलं.

लोकपालने जानेवारी 2025 मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती आपल्या कक्षेत येतात असं म्हटलं होतं, त्याला सुप्रीम कोर्टाने 20 फेब्रुवारीला स्थगिती दिली. न्यायिक मानके आणि उत्तरदायित्व विधेयक 2012 ला लोकसभेत मंजूर होऊनही 2014 मध्ये लोकसभेबरोबर संपलं. दोन्ही बाहेरचे मार्ग झाले, मला त्यांच्याकडून फार आशा नाही. मला एवढंच हवंय की आतली जी पायरी आहे तिला एक कायमचं कार्यालय असावं, तक्रारीला नंबर मिळावा, ठरलेल्या दिवसांत निर्णय व्हावा, आणि शेवटी काय झालं हे दोन ओळींत तक्रारदाराला आणि त्या न्यायमूर्तींना दोघांना लेखी मिळावं.

आता तुमचं काम. आधी एक विचारा स्वतःला की लग्नाला गेले हे तुम्हाला कुणी सांगितलं, त्याने बघितलं की ऐकलं, आणि साहेब खरंच गेले की त्यांच्या नावावर कुणी फिरतंय. हे मी मुद्दाम सांगते कारण तालुक्याला "साहेबांचं मी बघतो" म्हणून पैसे घेणारे लोक असतात आणि साहेबांना त्याचा पत्ताच नसतो. एका अशिलाने असेच 40 हजार कुणाला दिले होते, निकाल विरुद्ध लागल्यावर साहेबांवर तक्रार करा म्हणून माझ्याकडे आला, विचारत विचारत गेले तर पैसे घेणाऱ्याचा कोर्टाशी संबंध एवढाच की तो समोरच्या टपरीवर स्टॅम्प आणून द्यायचा. त्याच्यावर पोलिसात तक्रार करायला लावली.

खात्री झाली तर तक्रार प्रधान जिल्हा न्यायाधीशांच्या नावाने किंवा हायकोर्टाच्या रजिस्ट्रार जनरलच्या नावाने करा. त्यात मनाई हुकूम बरोबर की चूक यावर एक अक्षर लिहू नका. तारीख, ठिकाण, कुणाचं लग्न, तुमच्या दाव्याचा नंबर, त्या दिवशी दावा साहेबांच्या बोर्डावर पेंडिंग होता याची रोजनाम्याची नक्कल, फोटो असेल तर मूळ फाइल तशीच ठेवून प्रिंट, आणि ज्याने बघितलं त्याचं नाव त्याला विचारून. शपथपत्र जोडा. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा फेसबुकवर साहेबांचं नाव टाकू नका, अवमानाची केस लागू शकते आणि खरी तक्रारसुद्धा त्यात वाया जाते. टपालाने पाठवण्यापेक्षा स्वतः नेऊन द्या आणि आपल्या कॉपीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून निघू नका. तीन महिन्यांनी तोच नंबर टाकून काय झालं विचारणारं साधं पत्र द्या, आणि अपिलाची तारीख मात्र आजच वकिलांना विचारून घ्या.